पाच सेकंदांची जागा

दिवाळी सरली, ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या आणि तेलगावपल्याडच्या वस्तीशाळेतला तिसरीचा वर्ग निम्मा रिकामा झाला. हे दरसालचंच. आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेलेल्या मुलांना संगीताबाई पाढे-कविता फोनवर बोलून पाठवत. चार वर्षं पाठवत होत्या.

यंदा नवे उत्तरेश्वर सर आले. त्यांच्या लॅपटॉपवर ना चित्र ना बटण. काळ्या पडद्यावर ते एक ओळ टाइप करत आणि एंटर दाबत, की फडावर धाडायचा पाठ तयार. घंटेचा सूर त्या ओळीतूनच निघायचा. त्यात सरांचा आवाज मिसळायचा आणि प्रत्येक वाक्यामागे पाच सेकंदांची शांतता, मुलांनी मागून म्हणायला.

"ही शांतताबी मशीनच बनवतंय, बाई," सर कौतुकानं म्हणाले. "नुसते शून्य. माशीसुदिक न्हाई तिच्यात."

आठवड्यानं फडावरून रोहिणीचा निरोप आला. "बाई, सरांचाच पाठ धाडा. तुमचा नगं, झोप येती."

सर खो खो हसले. बाईही हसल्या, पण खिचडीचं ताट त्यांनी अर्ध्यातच बाजूला सारलं. या रोहिणीचं बोट धरून त्यांनीच तिला 'अ' काढायला शिकवलं होतं.

मधल्या सुट्टीत सर अंगणात गेल्यावर बाईंनी त्यांची ओळ उघडली. सरांच्या आवाजापुढचा, तो किती मोठा ते ठरवणारा एक पुसून शून्य केला. त्या जागी आपला आवाज जोडला. एंटर. हेडफोन कानाला लावला.

"म्हणा, सात एके सात." त्यांचाच आवाज. मग शांतता.

शांततेत लांबून उसाचं वाळलं पाचट तुडवल्यासारखी खसखस झाली.

"सात एके सात," मुलं म्हणाली.

बाईंनी हेडफोन कानावर घट्ट दाबला. रोहिणीचा नाकातला सूर त्यात स्पष्ट होता. पण भीतीच्या आधी त्यांना आनंद झाला. सरांना ही मुलं कधी ऐकू आली नव्हती.

"सात दुणे चौदा."

"सात दुणे चौदा." मग रोहिणी म्हणाली, "सर कामून बोलंनात?"

बाईंच्या कानशिलात आग भरली. बघू तरी, किती आठवण काढतात ते! त्यांनी पाच सेकंदांचे तीस केले. एंटर.

या वेळी पाढा कुणीच म्हटला नाही.

"सर," मुलं हाका मारत होती. "ओ सर."

"आलो रे," सर म्हणाले.

बाईंनी हेडफोन ओढून काढला. अंगणात चिमण्या ऐकू येत होत्या. सर मुलांसमोर उभे होते, ओठ हलत होते. मुलं माना वर करून नुसती बघत होती.

घशावर हात ठेवून सर दारात आले. पुन्हा ओठ हलले.

टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक आवाज आला. "बाई, बघा ना जरा, काय झालंय."

शून्याचा एक करायला एक बोट पुरलं असतं.

बाईंनी लॅपटॉप मिटला.

"घसा बसला असंल, सर," त्या मायेनं म्हणाल्या. "तुमी बसा. वर्ग मी घेते."

अंगणात येऊन त्यांनी टाळी वाजवली. "म्हणा, सात एके सात."

समोर अकरा मुलं होती. बारा आवाज आले. बारावा जाड होता, आणि सगळ्यांपेक्षा मन लावून म्हणत होता.