जुळ्यांची गाडी

या इमारतीत राहायला आलो त्याच दिवशी मला नियम सांगण्यात आला: रात्री बाबागाडी जिन्याखाली ठेवायची नाही. का, ते विचारायचं नाही.

सांगणारे किल्लीकाका. कमिटीचे सेक्रेटरी, निवृत्त कारकून, पहिल्या मजल्यावर एकटेच राहतात. टाकी, गच्ची, मीटरची खोली, सगळ्यांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. जिन्यात आधी खुळखुळाट येतो, मागून काका येतात.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मुलगी नऊ महिन्यांची, बाबागाडी अकरा किलोची, भाजीची पिशवी वेगळी. चार महिने मी दात-ओठ खात सगळं वर ओढलं. गेल्या सोमवारी गाडी खालीच ठेवली. मंगळवारी दारात चिठ्ठी आली. बुधवारी पुन्हा आली, लाल शाईत. गुरुवारी रात्री साडेनऊला दिवे गेले, उकाड्याने अर्धी इमारत गच्चीवर जमली आणि काकांनी माझ्याकडे बघून घसा खाकरला.

"सूनबाई, तुला कारण हवंय ना? सांगतो. पण ऐकल्यावर वाद नको."

"वाद तर मी करणारच," मी म्हणाले.

"ऐकून घे गं," सासूबाई म्हणाल्या. "मोठ्यांचं ऐकलं तर काही झिजत नाही."

"माझे गुडघे झिजलेत, आई."

तळमजल्यावरचे पोस्टमास्तर आजोबा हसले. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा ते हसणं त्यांनी खोकल्यात ढकलून दिलं. कॉलेजातली चार पोरं सतरंजी ओढत पुढे सरकली. नवऱ्याने मला कोपराने ढोसलं. मुलगी त्याच्या खांद्यावर झोपली होती.

काकांनी सुरुवात केली.

"माझ्या ओळखीचा एक माणूस होता. माझ्यासारखाच, एका इमारतीचा सेक्रेटरी. दहा वर्षं झाली. जानेवारीची एकोणीस तारीख, मंगळवार. संध्याकाळी सात वाजता तो नेहमीसारखा पंप बंद करायला खाली उतरला. बघतो तर जिन्याखाली जोडगाडी. जुळ्या मुलांची असते ना, शेजारी शेजारी दोन बैठका, तशी. चौथ्या मजल्यावरच्या बाईची. नवरा बाहेरगावी बांधकामावर, घरात ही एकटी आणि सात महिन्यांची दोन पोरं.

"त्याने तिला दोनदा बजावलं होतं. जिन्यात अडगळ नको, हा कमिटीचा नियम. त्याने गाडी ढकलत पंपाच्या खोलीत नेली आणि कुलूप लावलं.

"आठ वाजता ती आली. म्हणाली, काका, मी रागावत नाहीये, फक्त हिशोब ऐका. चौथा मजला म्हणजे बहात्तर पायऱ्या. गाडी वर ठेवायची तर बाहेर पडताना आधी गाडी खाली न्यायची. मग वर. मग एक मूल खाली आणून गाडीत बसवायचं, पुन्हा वर, मग दुसरं. पहिलं खाली एकटं रडतं, दुसरं वर एकटं रडतं. मी जिन्यात असते, मला दोघांचंही ऐकू येतं. येताना पुन्हा तेच. दूध आणायला पाऊण तास लागतो, काका. परवा डोस द्यायला न्यायचं होतं, मी पायरीवर बसले आणि गेलेच नाही. एक कोपरा द्या.

"तो म्हणाला, दोघांना एकदम उचल ना. ती म्हणाली, दोघं दोन हातांवर घेतली की पायरी दिसत नाही."

खालच्या रस्त्यावरून एक स्कूटर गेली.

"मग?" पोरांतल्या एकाने विचारलं.

"मग काय. तो म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा. उद्या कमिटीसमोर बोलू.

"रात्री एक वाजून वीस मिनिटांनी त्याचं दार वाजलं.

"काका, पंपाच्या खोलीची किल्ली द्या. दोघांनाही श्वास लागलाय. अँब्युलन्सला फोन केला, तासभर लागेल म्हणतात. काका, गाडी मिळाली तर मी दहा मिनिटांत पोचते. दवाखाना दोन गल्ल्या सोडून आहे…

"तो जागा होता. किल्ल्या उशाशी होत्या. त्याच्या मनात आलं, आज उघडलं तर उद्या सगळेच दार वाजवतील. उगीच घाबरली असेल, पोरांना सर्दी तर होतच असते. त्याने जुडगा मुठीत आवळून धरला. वाजू नये म्हणून.

"ती पुन्हा म्हणाली, काका.

"मग नुसतंच दार वाजवत राहिली.

"मग थांबली.

"पावलं वर गेली. भरभर. थोड्या वेळाने खाली यायला लागली. हळू. खूप हळू. एक पायरी… थांबायची. एक पायरी… थांबायची. खाली गाडी नव्हती, ओल्या फरशीवर आजारी पोराला ठेवणार कुठे? तिने दोघांनाही एकदम घेतलं होतं.

"मग एक आवाज झाला.

"मग काहीच नाही.

"तो पडून राहिला. उठू, उठू म्हणत पडून राहिला… आणि मग त्याला चाकं ऐकू आली. खालून, पंपाच्या खोलीच्या बाजूने. रिकामी गाडी खडखडते. ही खडखडत नव्हती. जड होती. फाटकातून बाहेर गेली… लांब गेली…

"त्याला बरं वाटलं. म्हणजे तिने कुलूप तोडलं. पोचेल आता. त्याला झोपसुद्धा लागली.

"पहाटे पाचला दूधवाला ओरडला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पडली होती. अंग थंड. डोक्याला मार. हात दोन्ही बाजूंना वाकलेले… दोघांना धरल्यासारखे. हात रिकामे."

सासूबाई पुटपुटल्या, "अगं बाई."

"पोरं दवाखान्यात होती. जिवंत. रात्रपाळीच्या नर्सने स्वतः सांगितलं. पावणेदोनला दारात जोडगाडी आली. मागे एक बाई, उजेडाच्या बाहेर उभी. म्हणाली, दोघांना एकदम आत घ्या, एकालाही बाहेर ठेवू नका. नर्सने दोघांना उचललं, नाव विचारायला वळली… दारात बाई नाही. गाडी नाही.

"त्याने पंपाच्या खोलीचं कुलूप पाहिलं. जसंच्या तसं. उघडलं. गाडी जागच्या जागी. तेव्हा दवाखान्याचा रस्ता पाइपासाठी खणला होता, तिथली माती तांबडी. चाकांना तीच माती. ओली.

"त्यानंतर जिन्याखाली कुणाचीही गाडी असली की रात्री त्याला चाकं ऐकू यायची. त्याने ते घर विकलं. दुसऱ्या गावात पहिल्या मजल्यावर जागा घेतली. तिथे कुणाची गाडी रात्री खाली राहणार नाही, असा नियम करून घेतला. गाडीच नाही तर चाकं कुठून वाजणार? पहिली रात्र शांत गेली. सकाळी त्याने दार उघडलं. जिन्यावरून त्याच्या दारापर्यंत दोन तांबड्या ओल्या रेघा… दाराशी थांबलेल्या. परत वळलेल्या नाहीत."

कॉलेजातली पोरं एकमेकांना चिकटून बसली होती. माझ्याही हातावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू. पण भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं.

"ऐकलंस ना?" सासूबाई म्हणाल्या. "जा, दोघं मिळून गाडी वर आणा."

"काका," मी म्हणाले, "जुडगा मुठीत आवळून धरला, वाजू नये म्हणून. हे त्याने तुम्हाला सांगितलं?"

त्यांचा हात कमरेच्या जुडग्याकडे गेला.

"दार उघडलं नाही, एवढं एखादा सांगेल. मुठीचं कोण सांगतं?"

"सूनबाई, पुरे आता," पोस्टमास्तर आजोबा हळूच म्हणाले.

"मला वाटलं…" काकांचा आवाज अंधारातून आला, अगदी बारीक. "मला वाटलं, थकून जाईल परत. सकाळी देऊ किल्ली, असं मी…"

'मला' हा शब्द गच्चीवर सगळ्यांनी ऐकला. काकांनीही ऐकला. नवऱ्याने मुलीला जवळ ओढलं.

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. मला ती बाई दिसत होती, पुढची पायरी दिसत नाही म्हणून एका पायरीवर थांबलेली.

"म्हणजे ती या नियमाने मेली," मी म्हणाले, "आणि तोच नियम तुम्ही इथे घेऊन आलात. माझ्यासाठी. दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्यासाठी, जिला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे. का, तर तुम्हाला रात्री चाकं ऐकू येऊ नयेत."

"अगं, मोठे आहेत ते," सासूबाई म्हणाल्या. "गाडी वर आण. माझ्यासाठी आण. अशा गोष्टींशी खेळ नको."

"नाही आणणार, आई."

"आणि काही झालं म्हणजे?"

"झालंय ते. दहा वर्षांपूर्वी. गाडी खालीच राहील, आज, उद्या, रोज. बाजूला दुसरीही राहील. चाकं वाजली तर वाजू देत. आणि काका, कुणी दार वाजवलं तर या वेळी उठा."

पोस्टमास्तर आजोबा आपल्या चपलांकडे बघत राहिले. काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, मुठी मिटलेल्या. मी त्यांच्या उत्तराची वाट पाहिली. दिवे आले तेव्हाही मुठी मिटलेल्याच होत्या.