एक पान निसटलं तेव्हा

"इथं कुणाला स्वरलिपी वाचता येते का हो?"

इटलीतल्या त्रिएस्ते शहराच्या छोट्याशा सभागृहात संयोजकबाईंनी विचारलं, तेव्हा तिसऱ्या रांगेतला एक उंच तरुण अवघडत उभा राहिला. पियानोवादक ओर्नेल्लाची पानं उलटणाऱ्या मुलीला ऐनवेळी ताप भरला होता.

"मी तुल्लिओ. शाळेत भूगोल शिकवतो," पियानोशेजारी बसत तो कुजबुजला. "रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो... बरा."

"मी मान हलवली की पान उलटायचं," ओर्नेल्ला म्हणाली. "बाकी काही करायचं नाही."

"श्वास घेतला तर चालेल?"

तिला हसू आलं... कितीतरी दिवसांनी, वाजवण्याआधी.

एके काळी पियानोवादक म्हणून तिचं नाव गाजत होतं. मग मिलानच्या भरल्या सभागृहात, ऐन रंगात आलेली रचना ती विसरली. बोटं थिजली. तेव्हापासून तिनं एकटीनं वाजवणंच सोडलं. समोर कागद ठेवून व्हायोलिनवाल्यांना साथ करायची, तेवढंच.

आणि आज अशाच साथीच्या मध्यावर तुल्लिओनं एकदम दोन पानं उलटली! त्याचे कान लाल झाले. तो पान मागे घ्यायला गेला, तर तिनं डोळ्यांनीच दटावलं — आणि वाजवत राहिली.

कार्यक्रमानंतर तो कॉफी घेऊन आला. "माफ करा."

"भूगोलाच्या पुस्तकात तरी पानं सापडतात का तुम्हाला?"

"तुमचं अख्खं पान मी खाल्लं. आणि तुम्ही ते वाजवलंत... न बघता."

ओर्नेल्लाचा कप हवेतच राहिला. "ते... आपोआप झालं."

"मग होऊ द्या की आपोआप! एकटीनं वाजवा. कागद असू दे समोर. मी बसेन शेजारी."

"आणि परत दोन पानं उलटलीत तर?"

"तर तुम्ही आहातच!"

हिवाळाभर शाळा सुटली की तो तिच्याकडे सरावाला यायचा. बाहेर 'बोरा' नावाचं तिथलं बोचरं वारं खिडक्या खडखडवायचं. आत भाजलेल्या चेस्टनटचा वास, आणि पान उलटताना तिच्या मनगटाला ओझरती लागणारी त्याची बाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

वसंतात बोलोन्याला तिचा एकटीचा कार्यक्रम ठरला. पूर्वार्ध पार पडला. मध्यंतरात तिचे गार पडलेले हात त्यानं आपल्या ओंजळीत घेतले.

"तू एकदाही कागदाकडे बघितलं नाहीस."

"माहितीये." ती थांबली. "आता तू समोर जाऊन बस. मला... तुला ऐकवायचंय."

उत्तरार्धात मंचावर ती आणि पियानो, बस्स! एके ठिकाणी बोट घसरलं. ती स्वतःशीच हसली आणि पुढे गेली. शेवटचा सूर विरला आणि सगळं सभागृह उभं राहिलं.

आतल्या खोलीत तुल्लिओ डोळे पुसत उभा होता. "माझी नोकरी गेली म्हणायची."

"गेली." तिनं त्याचा वाकडा टाय सरळ केला, पण हात तिथंच राहू दिला. "टाळ्या पडत होत्या ना, तेव्हा मी तुलाच शोधत होते. माझं वाजवणं मला परत दिलंस तू. आभार तरी कसे मानू?"

"नको मानूस."

"मग काय करू?"

"प्रेम कर म्हणावंसं वाटतं... पण धीर होत नाही."

"उशीर केलास, मास्तर," ती हळूच म्हणाली. "ते मी केव्हाचीच करतेय."

बाहेर लोक तिच्या नावानं हाका मारत होते. ओर्नेल्लानं हात मागे नेऊन दार लोटून घेतलं.