गाण्यावाचून दळण

ही गोष्ट मी रचली असती, तर स्वतःला तिच्यात जरा चांगलं दाखवलं असतं. तेवढ्यावरून ती खरी माना.

माझं नाव देवकी. वय चौऱ्याहत्तर. राहणार शहापूर. मागच्या मार्गशीर्षात, पहाटे पावणेसहाच्या सुमारास, आमच्याच स्वयंपाकघरात हे सुरू झालं. अमावास्या नव्हती. वीज गेलेली नव्हती. नळाला पाणीसुद्धा आलं होतं.

निमित्त झालं कॉफीचं.

माझा नातू ऋतिक ठाण्याला नोकरी करतो. त्याला एस्प्रेसोचं वेड लागलं. एस्प्रेसो म्हणजे दाबाने काढलेली घोटभर कडू कॉफी. त्याचं यंत्र त्याने आणलं, पण कॉफी काही जमेना. मिक्सरमध्ये वाटलेल्या पुडीतून पाणी धो धो निघून जायचं. दहा सेकंदांत कप भरायचा आणि चव आंबट लागायची.

मी पुडी बोटांवर घेऊन बघितली.

"मिक्सर कापतो रे. अर्धं पीठ, अर्ध्या कण्या. पाणी कण्यांतून पळतं. तुला दळलेलं पायजे."

"आजी, तुला कसं कळलं?"

"मी काय मिक्सर घेऊन जन्मले काय?"

मग दळायचं यंत्र बघणं सुरू झालं. पंधरा दिवस तो मोबाइलवर तेच बघत होता. एकाच्या आत दोन सपाट पोलादी चकत्या, दुसऱ्याच्या आत शंकूसारखं चक्र. हाताने फिरवायचं एक मित्राकडून आणलं. ते फिरवून त्याचा दंड भरून आला आणि सून शीतल म्हणाली, "बरं झालं, जरा अंगमेहनत होऊ दे."

शेवटी त्याने मलाच विचारलं, यातलं कुठलं?

मी म्हटलं, "जे उघडून झाडता येत नाय ते घेऊ नको."

त्याने सपाट चकत्यांचं घेतलं. वरची चकती हाताने फिरवून निघायची. मला ते लगेच ओळखीचं वाटलं. वरची पाळी, खालची पाळी, मध्ये दाणा. जातंच ते.

पहिले काही दिवस गमतीत गेले. दळण फार बारीक झालं तेव्हा कॉफीचं यंत्र नुसतं घुमत राहिलं, कपात थेंब पडेना. मग यंत्रावरचं कडं एक खूण सरकवून दळण जाडसर केलं. पूड उडून ओट्यावर सगळीकडे चिकटायची. मी म्हटलं, दाण्याला पाण्याचा हात लाव. त्याने ओला चमचा दाण्यांतून फिरवला आणि पूड उडायची थांबली.

"आजी, परदेशात पण असंच करतात."

मला फार बरं वाटलं. या घरात मला काही येतं, असं बऱ्याच वर्षांनी कोणीतरी म्हणत होतं.

मग ते वजनाचं सुरू झालं.

ऋतिक छोट्या काट्यावर अठरा ग्रॅम दाणे तोलून घालायचा आणि बाहेर आलेली पूड पुन्हा तोलायचा. एके दिवशी पूड पंधरा ग्रॅम भरली.

"आत अडकली असेल," तो म्हणाला. नव्या यंत्रात थोडी राहते, हे त्याने वाचलं होतं. त्याने वरची चकती काढली...

आत काहीच नव्हतं.

ब्रश फिरवला. पूड पडायची नळी बघितली. कॉफीचा एक कण नाही. धुऊन पुसल्यासारखं स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पंधरा. तिसऱ्या दिवशी साडेचौदा.

चौथ्या दिवशी त्याने यंत्र उपडं करून ठोकलं, तेव्हा ओट्यावर चिमूटभर काहीतरी सांडलं.

करडं... जरासं तांबूस... मऊ.

"आजी, हे काय गो?"

मी बोट लावलं. पीठ कोमट होतं. मी नाकाशी नेलं.

नाचणी.

आमच्या घरात तेव्हा नाचणी नव्हती. कित्येक महिने नव्हती.

"दाण्याची साल असंल," मी म्हटलं आणि फडक्याने पुसून टाकलं. फडकं हातात घट्ट धरून मी मागच्या दारी जाऊन बसले.

पुढच्या पहाटे मला आवाजाने जाग आली.

घर्र... घर्र... घर्र...

ऋतिकचं यंत्र किरकिरतं, लगेच दळून मोकळं होतं. हा आवाज संथ होता. जड होता. एक फेरा, मग दमलेल्या हाताचा दुसरा फेरा.

मला वाटलं, ऋतिक हाताने काहीतरी दळत असेल. पण न्हाणीतून बादलीचा आवाज येत होता, तो अंघोळ करत होता. शीतल माझ्या शेजारच्या खोलीत झोपलेली होती.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. आवाज थांबला. यंत्राची वायर ओट्यावर गुंडाळून ठेवलेली होती.

मला भीती आवाजाची वाटली नाही. त्या आवाजाबरोबर जे नव्हतं, त्याची वाटली.

गाणं नव्हतं.

आमच्या काळात जात्यावर कुणी मुकं बसत नसे. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात पहाटे दळायला एक बाई यायची. रंगू. विधवा होती, माझ्याच माहेरच्या बाजूची, मुरबाडच्या डोंगराकडची. पोरं गावाला ठेवून कामापुरती शहापुरात राहायची. तिचा आवाज असा होता की बाजूच्या घरातल्या बाया अंथरुणात पडून ऐकायच्या. ती एकच सकाळ गाण्यावाचून दळली. तिची आमच्याकडची शेवटची.

ते सांगायलाच हवं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझ्या माहेरी ज्येष्ठ-आषाढात खायला काही उरत नसे. बाजाराच्या दिवशी माझा भाऊ यायचा, मागच्या दाराला उभा राहायचा. मी रंगूच्या सुपातलं नाचणीचं पीठ ओंजळीने ओच्यात घ्यायची आणि त्याला द्यायची. दोन महिने दिलं. सासूला विचारायचं धाडस मला नव्हतं. नवी सून माहेर भरते, असं कुणी म्हटलं असतं तर मी कुठे तोंड लपवलं असतं?

सासूबाईंच्या लक्षात आलं. दाणा घातला तेवढं पीठ भरत नव्हतं.

"जात्यात ऱ्हात आसंल, मोठे बाय," रंगू म्हणाली.

सासूबाईंनी वरची पाळी उचलायला लावली. खाली मूठभर पीठ निघालं.

"मग बाकीचं कुठं गेलं गो? पदर झाड."

रंगूने पदर झाडला. ओचा सोडून दाखवला. अंगणात चार माणसं उभी होती. मी दारात होते. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं. ती रोज समोर बसायची, तिला माहीत नसणार कसं?

ती बोलली नाही. मीही बोलले नाही.

उरलेलं दळण तिने मुक्याने पुरं केलं आणि गेली. चोर म्हटल्यावर तिला दुसऱ्या कुणी दळायला बोलावलं नाही. श्रावण सरायच्या आत ती वारल्याचं कळलं. पोरं लहान होती तिची, त्यांतला एक लडकू.

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. मुलांना सांगितलं नाही. ऋतिकचं यंत्र रोज कमी भरत होतं, आणि मी रोज त्याला सालीचं कारण देत होते.

आता सारिकाचं सांगते. सारिका आमच्याकडे सकाळी भांड्याला येते. वापरलेल्या कॉफीचा ओला चोथा ती अबोलीच्या झाडांना घालायला घरी न्यायची. शीतलने दाण्यांची पिशवी लवकर संपताना बघितली, वजन कमी भरताना बघितलं, आणि सारिकाची पिशवी बघितली.

त्या दिवशी ऋतिक गाडीला गेला होता. सात वाजले असतील.

"सारिका, पिशवी उघड गो."

"चोथाच हाय वयनी. रोजचाच."

"चोथा वर हाय. खाली काय हाय ते बघू दे."

सारिकाने पिशवी ओट्यावर रिकामी केली. ओला काळा गोळा आणि एक कंगवा.

"ओढणी झाड."

शीतल वाईट बाई नाही. हा शब्द तिला कुणी शिकवला नव्हता. माझ्या सासूला तिने पाहिलंही नव्हतं.

सारिकाने ओढणीला हात घातला...

आणि ओट्यावरचं यंत्र फिरलं.

घर्र...

एक फेरा. शीतलने यंत्राकडे बघितलं. मग वायरकडे बघितलं. वायर गुंडाळलेली होती.

घर्र...

"कॉफी मी घेतली," मी म्हटलं.

यंत्र थांबलं.

"तुमी?" शीतल म्हणाली. "आई, तुमी काय केलाव कॉफीचं?"

"खाल्ली. साखर घालून. चोरून."

शीतलला आधी कळेना, मग ती हसायला लागली. तिला सुटल्यासारखं झालं होतं. "मागायची ना आई. ऋतिक डबा भरून देल तुमाला." संध्याकाळी ऋतिक हसला. फोनवरून माझी लेक हसली. म्हातारपणी आजीला कॉफी चाटायची सवय लागली, याची घरभर गंमत झाली.

न केलेली चोरी मी एका दमात कबूल केली. केलेली कबूल करायला पन्नास वर्षं पुरली नव्हती. बाहेर सगळे हसत होते आणि मी देवघरात पाठ करून बसले होते.

सारिका मात्र हसली नाही. त्या सकाळीच, निघताना, ती फाटकापाशी थांबली होती.

"आजी, तुमी नाय घेतली."

"जा गो घरी."

"ती बाय कोण हाय तुमची?"

"कुठली बाय?"

"मी येते तवा ओट्याखाली बसलेली आसते ती. एक पाय पसरून, एक दुमडून. मला वाटलं तुमच्या गावाकडची. बोलत नाय काय. नुसती तुमच्या खोलीकडं बघते."

दळायला बाई तशीच बसते. एक पाय पसरून, एक दुमडून. सारिका पंचवीस वर्षांची आहे. तिने जातं लग्नाच्या हळदीला सोडून कधी बघितलेलं नाही.

मी ठरवलं. आता सांगायचं. घरात नाही जमलं, तर लडकूला सांगायचं. त्याच्या आईला चोर म्हटलं गेलं, ते त्याला ठाऊक असणार. ती चोर नव्हती, एवढं तरी त्याला माझ्या तोंडून कळायला हवं.

रविवारी ऋतिकला म्हटलं, मला माझ्या गावाकडे ने. किन्हवलीवरून, सरळगाववरून आम्ही गेलो. दुपारचे बारा वाजले होते, लख्ख ऊन. विचारत विचारत वाडी सापडली. ऋतिकला गाडीतच बसवलं.

लडकू आता साठीच्या पुढचा आहे. अंगणात भाताचा पेंढा रचत होता. मी माझं नाव सांगितलं, घर सांगितलं. त्याने हात जोडले.

"शहापूरच्या धाकल्या बाय? या, या. बसा."

घरात कुणी दिसत नव्हतं. तो म्हणाला, बायको-पोरं लग्नाला गेलीत. अंगणाच्या कडेला मोरीपाशी जातं पडलेलं होतं. वरची पाळी दुभंगलेली, तिच्यावर कपडे आपटायचे.

मी ओटीवर बसले. पाणी प्याले. वाक्य तोंडात तयार होतं. गाडीत शंभर वेळा घोकलं होतं.

तेवढ्यात आतून आवाज आला...

घर्र... घर्र...

"कोण हाय आत?" मी विचारलं.

लडकूने ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. तो आपल्याच तंद्रीत बोलत होता.

"आई तुमचं नाव काढायची. शेवटच्या दिशी रिकामी आली शहापूरवरनं. आमी भुकेली पोरं, रडाया लागलो. तर म्हणली, धाकली बाय पीठ देत होती रं, मीच नाय घेतलं. लय चांगली हाय ती. आमी तेच ऐकत मोठं झालो."

आतला आवाज थांबला.

असा थांबला, जणू कुणीतरी हात खुंट्यावर ठेवून ऐकत आहे.

आतल्या दाराच्या उंबऱ्यापलीकडे अंधार होता. त्या अंधारातून एक पाय पुढे आलेला दिसत होता. पसरलेला. टाचेला भेगा. तळव्याला पीठ लागलेलं.

लडकू माझ्याकडे बघत होता. आता बोलायचं होतं. मी दिलं नव्हतं, मी घेतलं होतं, एवढंच बोलायचं होतं.

मी मान हलवली.

"व्हय," मी म्हटलं. "देत होते मी. तिनंच नाय घेतलं."

पाय हळूच आत ओढला गेला.

मग पुन्हा ते दळण सुरू झालं. घर्र... घर्र... गाण्यावाचून. लडकूने मला आत येऊन चूल-घर बघायला सांगितलं. मी आत गेले नाही. उशीर होतो म्हटलं आणि उठले. त्याने पिशवीत चार काकड्या घातल्या, त्या मी घेतल्या. गाडीपर्यंत सोडायला आला, तेव्हा त्याने ऋतिकचा फोन नंबर मागून घेतला.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. आमच्या घरात पहाटे काही वाजत नाही. सारिकाला ओट्याखाली कुणी दिसत नाही. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "ती गेली वाटतं, आजी. रागावली काय तुमच्यावर?"

मागच्या आठवड्यात ऋतिक म्हणाला, "आजी, त्या काकांचा फोन आला होता. कधी येता विचारत होते. म्हणाले, घरात सारखी आठवण निघते तुमची. रविवारी जाऊ या का?"

त्या घरात माझी आठवण कोण काढतं, ते मी विचारलं नाही.

गुडघे दुखतात, असं सांगितलं.

गुडघे दुखत नाहीत.