बोटभर उघडी काच

दिवे गेले होते म्हणून काम अडलं होतं. वर्कशॉपचं शटर अर्धं खाली ओढलेलं, लिफ्टवर एक गाडी अधांतरी राहिलेली, आणि तिच्यापलीकडे जुन्या टायरांवर चार पोरं बसलेली. डेंटरमामांनी बॅटरी पेटवून जमिनीवर उभी केली. तेवढाच उजेड.

"मामा, एक विचारू?" वायरिंगवाला म्हणाला. "तो चिकट्या काचवाला. थंडी असो, पाऊस असो, त्याच्या व्हॅनची बाजूची काच कायम बोटभर खाली. जगाच्या काचा बसवतो आणि स्वतःची दुरुस्त करता येत नाही?"

पोरं हसली. मामा हसले नाहीत.

"बिघडलेली नाही ती. मुद्दाम ठेवतो," ते म्हणाले. "ऐकायचं असेल तर सांगतो. पण मध्ये तोंड घालायचं नाही. आणि घरी कुणी वाट बघत असेल तर आत्ताच उठा, मागून कुरकुर नको."

कुणी उठलं नाही. मग मामांनी सांगितलं ते असं.

गेल्या वर्षीची एकवीस मे, बुधवार. चिकट्याला झोपेतून उठवून विचारा, तारीख चुकणार नाही. दिवसभर अंगाची काहिली झाली होती आणि रात्रीही वारा नव्हता. त्याची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. घरात तो आणि त्याचे वडील, अण्णा. अण्णा एके काळी घड्याळं दुरुस्त करायचे, पण आता त्यांना स्वतःचा जिना ओळखू येत नव्हता. दोनदा घरातून निघून गेले होते. दुसऱ्या वेळी सापडले ते गावाबाहेरच्या पुलावर, एका पायात चप्पल.

तेव्हापासून चिकट्या बाहेर पडताना खोलीला बाहेरून कडी घालायचा. आणि खिडकी? घर दुसऱ्या मजल्यावर. अण्णा सरकती खिडकी उघडून बाहेर वाकायचे. म्हणून या शहाण्यानं काय केलं, गाडीच्या काचा ज्या काळ्या सिलंटनं बसवतो ना, त्याचीच धार खिडकीच्या चारी बाजूंनी भरली. ज्यानं धावत्या गाडीची काच जागची हलत नाही, ते म्हाताऱ्याच्या हातानं काय हलणार? प्रेमच होतं ते, नाही कोण म्हणतो? पण माणूस प्रेमात काय काय बंद करून ठेवतो, याचा त्याला पत्ता नसतो.

साडेआठला फोन आला. एका साहेबांच्या गाडीची मागची काच फुटली होती. आत्ताच यायला हवं, सकाळी गाडी लागणार.

"अण्णा, दहा मिनिटांत आलो," चिकट्या म्हणाला. काम दोन तासांचं होतं, पण असंच म्हणतात सगळे. टेबलफॅन लावला, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला, कडी घातली आणि निघाला.

साहेबांचं घर गावाच्या वरच्या अंगाला. घराच्या पोटातच गॅरेज, आणि त्यात ती गाडी. उंच, आलिशान, ना धड जीप ना धड मोटार. क्रॉसओव्हर म्हणतात तिला. मोतिया रंग, कातडी सीटा, आणि मागच्या बाजूला सगळ्या काळ्या काचा. आतल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. बड्या लोकांना आवडतं तसं.

"दगड लागला," साहेब म्हणाले. पन्नाशीचे गृहस्थ, अंगावर इस्त्रीचा शर्ट, पण डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं.

चिकट्यानं डिकी उघडली आणि व्हॅक्यूम हातात घेतला. ही काच फुटली की तिचे दाणे होतात, साबुदाण्यापेक्षा मोठे. बाहेरून दगड लागला तर अर्धे दाणे आत पडतात, सीटच्या फटीत, गालिच्यात, सहा महिने सापडत राहतात.

आत एकही दाणा नव्हता.

सगळे बाहेर होते. गॅरेजच्या फरशीवर, पार समोरच्या भिंतीपर्यंत उडालेले.

"साहेब, ही आतून..."

"तुम्ही काच बसवा."

चिकट्यानं मान खाली घातली. जुन्या सिलंटची कड तासायला घेतली, तर तिच्याखाली आणखी एक कड, त्याहून जुनी. आणि तिच्याखाली अजून एक. म्हणजे ही काच आधीही बदलली होती. एकदा नाही, दोनदा.

काम नेहमीसारखं झालं. प्रायमर मारलं, काळ्या सिलंटची धार ओढली, रबरी वाट्या लावून काच उचलली आणि अलगद बसवली. मग कागदी टेपच्या निळ्या पट्ट्या, काच सरकू नये म्हणून. टेप तो दातानं तोडतो. समोरचा दात तुटका आहे त्याचा, म्हणून प्रत्येक पट्टीच्या कडेला एक खाच पडते. तुम्हीच चिडवता ना त्याला, उंदरानं कुरतडली म्हणून?

"आता रात्रभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवा," तो म्हणाला. "दार आपटलं की आतली हवा दाबते आणि ओली काच बाहेर ढकलली जाते."

"नाही."

"बोटभरच, साहेब."

"केसभरसुद्धा नाही."

साहेबांनी किल्लीचं बटण दाबलं. चारी काचा वर गेल्या, कुलपं खटकन पडली. ते जिना चढून वर गेले. किल्ली त्यांच्या मुठीत.

सिलंट धरेपर्यंत काचेजवळ थांबावं लागतं. चिकट्या उपडा डबा घेऊन गाडीमागे बसला. वर कुठेतरी दार लागलं. मग शांतता. गॅरेजमध्ये इतका उकाडा की मानेवरून घाम ओघळत होता.

टिक.

त्याला वाटलं, इंजिन गार होतंय. पण गाडी तर दिवसभर हललीच नव्हती.

टिक. टिक.

काचेवर. आतून. नखानं वाजवावं तसं.

त्यानं बॅटरी धरली. काळी काच, तिच्यात त्याचंच तोंड. दुसरं काही नाही. आणि मग काचेच्या मधोमध एक ठिपका उमटला. करडा, ओलसर, तोंडाएवढा. हळूहळू पसरला... आणि विरला.

पुन्हा उमटला.

विरला.

श्वास होता तो.

चिकट्या उठला नाही. तो बघत राहिला. ठिपका येत होता, जात होता. आधी भराभर. मग जरा थांबून. मग आणखी थांबून. प्रत्येक वेळी लहान होत.

मध्ये एकदा इतका वेळ गेला, की त्याला वाटलं... संपलं.

आला. रुपयाएवढा.

आणि त्याच वेळी टेपची एक पट्टी करकरली. नवी काच आतून दाबली जात होती. काठावरचं ओलं सिलंट ताणलं जात होतं, चिकट, काळं.

"काही करू नका."

साहेब जिन्यात उभे होते. ते कधी आले, चिकट्याला कळलंच नव्हतं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"कोण आहे आत?"

साहेब एक पायरी खाली आले.

"साहेब, कोण आहे?"

"गेल्या महिन्यात. मी दहा मिनिटांसाठी गेलो होतो," साहेब म्हणाले. "बाबा मागच्या सीटवर होते. खाली उतरले की भलतीकडे जायचे म्हणून दारं लॉक केली. गाडी भिंतीकडे तोंड करून लावली होती. मी मागच्या बाजूनं गेलो. तर ते... सीटवर वळून... या काचेतून माझ्याकडेच बघत..." ते थांबले. "मीटिंग लांबली."

चिकट्याला काळी काच दिसत होती. बाहेरून आतलं न दिसणारी. ऊन दिसत होतं. जवळून जाणारी माणसं दिसत होती.

"किल्ली द्या."

"ते बाहेर येतील."

"द्या, साहेब."

साहेबांनी मूठ छातीशी धरली. लहान मूल धरतं तशी.

ठिपका... आला नाही.

आला नाही.

आणि चिकट्याला आपली कडी आठवली. आपली खिडकी आठवली. तिच्या चारी बाजूंची ती काळी धार, स्वतःच्या हातानं, किती निगुतीनं ओढलेली.

त्यानं एक पट्टी ओरबाडून काढली आणि फेकून दिली. रबरी वाटी काचेच्या खालच्या कोपऱ्यावर दाबली आणि पाय रोवून ओढली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःचं काम स्वतः बिघडवलं. काच सुटली. बोटभर.

फटीतून श्वास बाहेर आला. कोंडलेला, गरम. त्याच्या चेहऱ्यावरून गेला, कानाजवळून गेला. जाताना काहीतरी म्हणाला, पण शब्द कळला नाही.

मग काही नाही.

साहेब पायरीवर बसले होते. तोंड झाकून. चिकट्यानं हत्यारं उचलली नाहीत, वाटी काढली नाही. तो पळत व्हॅनपाशी गेला आणि किल्ली फिरवली.

डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. बाजूच्या सीटवर कुणी बसलं आणि बेल्ट लावला नाही, की लागतो तो.

सीट रिकामी होती.

चिकट्या म्हणतो, मी तिकडे पाहिलंच नाही. रस्ता पाहिला. नुसता रस्ता. दिवा लाल. बाजूची काच आपोआप खाली आली, बोटभर. त्यानं वर केली नाही. घराच्या आधीचं वळण आलं आणि तिथे, गाडी चालती असताना... दिवा विझला.

तो आणखी घाबरला. आधी सोबत नको होती, आता सोबत पुढे निघून गेली होती.

जिन्यातच जळका वास आला.

दोन दोन पायऱ्या. कडी. दोनदा ओढली, निघेना. निघाली. दारातून धूर अंगावर आला. टेबलफॅनची वायर जळून चादर धुमसत होती, ज्वाळा नाही, नुसता धूर, दाट, पांढरा. त्यानं तांब्यातलं पाणी चादरीवर ओतलं, नळाखालून बादली आणून तीही ओतली.

"अण्णा?"

तो पलंगाकडे वळला.

"अण्णा..."

पलंग रिकामा होता. धुरातून चाचपडत तो पुढे गेला, तर खिडकीपाशी अण्णा गुडघे टेकून बसलेले. तोंड काचेला लावलेलं. आणि काचेवर करडा ठिपका... येत होता. जात होता.

जिवंत होते.

खिडकी उघडी होती. फार नाही, बोटभर. कडेचं सिलंट सुटलेलं, त्याचे काळे तंतू ओढले गेलेले, च्युइंगमसारखे. ते हातानं सुटत नाही. तार लागते, पाती लागते, दोन माणसं लागतात. अण्णांच्या हाताला तर काळा डागही नव्हता.

चिकट्यानं त्यांना उचलून बाहेर जिन्यात आणलं, मांडीवर घेतलं. अण्णा खोकले, पाणी प्यायले. मग इकडेतिकडे पाहिलं.

"ते गृहस्थ गेले का रे?"

"कोणते, अण्णा?"

"म्हातारे होते. फार घामाघूम झाले होते बिचारे. म्हणाले, इथं तोंड लावून बसा." अण्णांनी जरा आठवून पाहिलं. "मी म्हटलं, माझा मुलगा येईलच, दहा मिनिटांत येतो म्हणालाय. तर म्हणाले, हो, मुलं दहा मिनिटंच म्हणतात."

मामा थांबले. अर्ध्या शटरखालून बाहेरचा रस्ता दिसत होता, रिकामा.

वायरिंगवाल्यानं फोन काढला आणि पोरांकडे पाठ करून घरी लावला. "झोपलीस का गं आई? ...काही नाही. दाराला कडी आहे का बाहेरून? ...नाही ना? बरं. ...काही नाही म्हटलं ना."

तो परत येऊन बसला. या वेळी कुणी हसलं नाही.

"साहेबांचं पुढे काय झालं?" रंगवाल्यानं हळूच विचारलं.

"दुसऱ्या दिवशी चिकट्यानं जाऊन काच नीट बसवली. त्यानंतर ती फुटली नाही. पण साहेब ती गाडी चालवत नाहीत. गॅरेजमध्ये उभी असते, चारी काचा खाली." मामांनी बॅटरी उचलली. "त्या सकाळी चिकट्यानं मला घरी बोलावलं. म्हणाला, तुम्ही बघा आणि मला सांगा, मला वेड लागलंय का. ती खिडकी आपोआप सरकून बंद होते, उतार आहे तिला. पण ती बंद होत नव्हती. कारण काच आणि चौकट मिळून एक निळी टेप लावलेली होती. बाहेरच्या बाजूनं. बाहेर उभं राहायला पाखरापुरतीही जागा नाही, खाली सरळ रस्ता. मी फटीतून बोट घातलं आणि टेपची कड चाचपली."

"आणि?"

"खाच होती. आणि टेपखाली काचेचा एक दाणा अडकलेला. काळा."

मामा शटरपाशी जाऊन वाकले.

"कागदी टेप ती. उन्हात चार दिवसांत कुरकुरते, पावसात तिचा लगदा होतो. एक अख्खा पावसाळा गेला. परवाच त्यांच्याकडे जाऊन आलो," ते म्हणाले. "आहे तशी आहे."