डाव्या बाजूचं दार

परळीत वीजकेंद्राची राख सगळ्यांच्याच घरात येते. वाळत घातलेल्या धोतरावर, तुळशीच्या पानांवर, दुधाच्या पातेल्यावर झाकलेल्या ताटलीवर तिचा पातळ थर बसतो, आणि बायका बोलता बोलता तो पदरानं पुसून टाकतात. त्रिंबकरावांच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या जुन्या फियाटमध्येही रोज सकाळी राख असायची. दारांचे रबर कुजले होते. नवे बसवायचे, तर एकेकाळी ज्या पैशांत अख्खी गाडी आली, तेवढे आता नुसत्या रबरांना पडत होते.

त्रिंबकराव वीजकेंद्रात टर्बाइनवर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. फियाट त्यांनी तरुणपणी अंबाजोगाईच्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. पुढची दोन्ही दारं उलटी, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेली. बसणाऱ्याला पाय आधी बाहेर टाकून सरळ उभं राहता यायचं. मंजुळाबाईंना लुगड्याचा घोळ सावरत उतरायला ते सोयीचं होतं. "ह्ये दार माझं," त्या म्हणायच्या. खंडेनवमीला त्रिंबकराव बॉनेटवर हळदीकुंकू वाहायचे, तेव्हा त्या गुपचूप डाव्या दाराच्या आतल्या कडीलाही हळदीचं एक बोट लावायच्या.

महिन्यातून एकदा दोघं अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला जायचे. येताना घाट उतरला की मंजुळाबाईंना हमखास डुलकी लागायची. डोकं दाराला टेकलेलं, हात काचेपाशी, आणि खड्डा आला की बांगड्या काचेवर किणकिणायच्या. मध्येच डोळे न उघडता त्या विचारायच्या, "अवो, परळी आली का?"

"झोप. आली की उठवतो," त्रिंबकराव म्हणायचे. वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या की ते त्यांच्या खांद्याला हात लावायचे.

दोन वर्षांपूर्वी, दवाखान्यातून परत आणताना, त्यांनी असाच हात लावला. त्या उठल्या नाहीत.

त्यानंतर गाडी हाच त्रिंबकरावांचा दिवस झाला. पण जुन्या गाड्यांचे दिवसही पालटले होते. पूर्वी भंगारात पडलेल्या वस्तू आता पुण्या-मुंबईचे शौकीन लोक मोबाइलवर बोली लावून उचलत होते. दिव्याची काच, चाकाची टोपी, कशालाही हात लावायची सोय राहिली नव्हती. वरून नोंदणी नव्यानं करून घ्यायची वेळ आली, आणि त्याच सुमारास गिअरबॉक्स गेला.

"काका, ही गाडी न्हाई, हत्ती हाय," पंडित मिस्त्री गाडीखालून म्हणाला. "निस्ता चारा घाला. कावून जीव अडकिवलाय हिच्यात? इकून टाका की."

"तुझ्या म्हातारीला इकशील का बे?"

"गिऱ्हाईक तर येऊ द्या!" पंडित हसला. मग त्रिंबकरावांचा चेहरा पाहून पाना फिरवू लागला.

गिऱ्हाईक पुण्याचं होतं. सोमनाथ नाव, चाळिशीचा, बोलायला गोड. त्याला पूर्ण गाडी हवी होती. त्रिंबकराव नाही म्हणाले. मग तो सुटे भाग मागू लागला, कारण त्याच्याकडे अशीच एक फियाट होती, अर्धवट. गिअरबॉक्सच्या खर्चापायी आधी डॅशबोर्डवरचं घड्याळ गेलं. मग आतला आरसा. प्रत्येक वेळी त्रिंबकरावांनी त्या वस्तूचा एक स्क्रू काढून तपकिरीच्या डबीत ठेवला.

ही त्यांच्या वडिलांची रीत. वडवणीकडच्या त्यांच्या गावात बैल विकला तरी दावं देत नसत. जनावर गिऱ्हाइकाच्या दोरीनं जायचं आणि दावं घरच्या खुंटीला राहायचं. जनावर जातं, घरचं काही त्याच्यामागं जाऊ नये म्हणून. त्रिंबकराव यंत्रावर आयुष्य काढलेले गृहस्थ, त्यांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी स्क्रू ठेवायला काय जातं?

डाव्या सीटची गोष्ट त्यांच्या लक्षात आली ती याच दिवसांत. सकाळी फडकं घेऊन ते गाडी पुसायला जात. उजव्या सीटवर राख, मागच्या बाकावर राख, डॅशबोर्डवर राख. डाव्या सीटवर मात्र मधोमध एक स्वच्छ जागा. माणूस बसून उठल्यावर राहावी, तेवढी. पाठीच्या टेक्यावरही तशीच.

त्यांनी पत्र्यातली फट शोधली, वारा कुठून येतो ते पाहिलं. फट सापडली, तीही उजवीकडे. ती त्यांनी बुजवली. दुसऱ्या दिवशी तशीच राख, तशीच जागा.

मग ते ती सीट पुसेनासे झाले.

नंतर पंडितनं गिअरबॉक्स कसाबसा जोडून दिला आणि गाडी घाटापर्यंत न्यायला सांगितलं. परत येताना खड्ड्यात चाक गेलं, आणि डाव्या काचेवर किणकिण झाली. सैल झालेली काच, त्रिंबकरावांनी स्वतःला सांगितलं. घरी आल्यावर त्यांनी काच हलवून पाहिली. ती खडखडत होती. किणकिणत नव्हती.

ते कुणाला काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून ते जेवायला एकटे बसत तेव्हा त्यांना पूर्वीसारखं एकाकी वाटत नसे. शेडमध्ये कुणीतरी आहे, एवढं पुरे होतं.

जोडलेला गिअरबॉक्स महिनाभरही टिकला नाही. नोंदणीसाठीच्या तपासणीची तारीख जवळ आली. गाडी चालत गेली नाही, तर तिचं भंगार होणार होतं. आणि सोमनाथला आता डावं दार हवं होतं. उलटं, मूळ दार अख्ख्या महाराष्ट्रात मिळत नाही, तुम्ही म्हणाल ते देतो, म्हणत होता.

त्रिंबकरावांनी पुष्कळ विचार केला. एका दारासाठी अख्खी गाडी घालवायची का? आणि बसणारं माणूस सीटवर बसतं, दारात नव्हे. हा हिशोब त्यांना बिनचूक वाटला.

सोमनाथ टेम्पो घेऊन आला. पंडितनं दार उतरवलं. एक स्क्रू त्रिंबकरावांनी सवयीनं सदऱ्याच्या खिशात टाकला.

"काका, एक स्क्रू कमी दिसतोय," सोमनाथ म्हणाला. "सगळे ओरिजिनल लागतील हो. आता असे मिळत नाहीत."

पंडित बघत होता. टेम्पोवाला बघत होता. राख झालेल्या बाईसाठी स्क्रू ठेवून घेतोय, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्रिंबकरावांना शरम वाटली. खिशात हात घालून त्यांनी स्क्रू सोमनाथच्या तळहातावर ठेवला.

टेम्पो सुरू झाला. गोधडीत गुंडाळलेलं दार आत आडवं पडलं होतं.

दाराच्या पैशांतून दुसरा गिअरबॉक्स आला. पंडितनं पत्रा ठोकून नवं दार बनवलं, रंग दिला. गाडी तपासणीत पास झाली. "बघा काका, लई झाक झालं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिंबकराव फडकं घेऊन शेडमध्ये गेले.

डावी सीट राखेनं भरली होती. कडेपासून कडेपर्यंत. सपाट.

ते रोज जाऊन पाहत. राख चढत गेली. ती पुसायचा त्यांना धीर झाला नाही. घाटाकडे गाडी नेली, मुद्दाम खड्ड्यातून नेली. नवं दार मुकाट्यानं बसून राहिलं.

दिवाळीनंतर एका दुपारी सोमनाथचा फोन आला. त्रिंबकराव गाडीतच बसले होते.

"काका, माझी गाडी तयार झाली बघा! पण एक विचारायचं होतं. हसू नका."

"बोला."

"आमचं गॅरेज बंदिस्त आहे. रबर सगळे नवे. तरी रोज आत राख सापडते. बारीक, पांढरट. इथे आजूबाजूला राख यावी असं काही नाहीच. आणि डाव्या सीटवर मात्र मध्ये येत नाही. दाराच्या कडीला पिवळं काहीतरी लागतं, तेही पुसलं की पुन्हा येतं. बायको आता त्या बाजूला बसत नाही."

त्रिंबकरावांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"फोन जरा त्या सीटवर ठेवता?" ते म्हणाले. "आणि तुम्ही बाहेर थांबा."

"फोन? कावून... म्हणजे, का हो?" इतक्या महिन्यांत सोमनाथला परळीचा शब्द चिकटला होता.

"ठेवा बाबा."

पावलं लांब गेली.

बराच वेळ काही नव्हतं.

मग काचेवर बांगड्या किणकिणल्या.

"अवो," झोपेतला आवाज आला, "परळी आली का?"

त्रिंबकरावांनी शेजारी पाहिलं. सीटवर राख होती. समोर, शेडच्या उघड्या बाजूनं, वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत होत्या.

"झोप," ते म्हणाले. "आली की उठवतो."

बांगड्या थांबल्या.

पावलं परत आली. "काका? ऐकू आलं का काही?"

"न्हाई."

"मग काय करू मी?"



"काही नका करू," ते म्हणाले. "त्या बाजूचं दार तेवढं हळू लावत जा."