राव आत घ्या

मोताळ्याच्या आमच्या बियाण्यांच्या दुकानात तो पहिल्यांदा आला, तो बाजाराचा दिवस होता. मी गल्ल्यामागे भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मोबाईल पुढे धरून तो माझ्या नातीला म्हणाला,

"काऊन हो, तुमचं पेज मले कोणत्या नावानं हाक मारून राह्यलं?"

योगिनीनं पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाली. दुकानाचं वेब पेज तिनंच बनवलेलं. गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी कोडची ओळच उघडी पडली होती, कंस-खुणांसकट. शेवटचा 'राव' तेवढा शाबूत!

"सकाळपासून शोधून राह्यली मी," ती पुटपुटली. "सर्व्हरवर तर नाव बरोबर येते…"

तो वरवट बकालच्या उकंडरावांचा हरिओम — पुण्यात हेच काम करणारा, सुटीवर आलेला. लॅपटॉप वळवून घेत तो हसला.

"'राव' बाहेर काऊन ठेवला?"

"मोठ्या माणसाले नुसत्या नावानं हाक मारू का मी?"

"पण टॅगच्या या जागेत एक तर साधा मजकूर चालते, नाही तर पूर्ण एक्स्प्रेशन, म्हणजे कंसातला कोड. अर्धं-अर्धं टाकलं तर सर्व्हर ते उलगडतच नाही. राव आत घ्या."

तिनं घेतला. पडद्यावर उमटलं — हरिओमराव. दोघंही त्या अक्षरांकडेच बघत राहिली… एकमेकांकडे नाही.

मग सुटीभर त्याला रोज बियाणं लागायचं. आज मेथी, उद्या दोडका. उकंडराव एवढं कुठं पेरणार होते, देव जाणे!

पुण्याला निघायच्या दिवशी तो बॅग खांद्यावर घेऊनच आला. समोर स्टँडवर गाडी लागली होती.

"योगिनी, मले… म्हणजे, तुमी जर…"

आमच्या वेळी एवढ्यावर भागायचं. लग्नाआधी हे मला फक्त "यंदा भुईमूग चांगला आहे" एवढंच म्हणाले होते. बाकीचं मी समजून घेतलं… जन्मभर थोडं चुकतमाकतच.

योगिनीचे डोळे भरले होते, पण ती हटली नाही.

"अर्धं चालत नाही म्हणे. पूर्ण बोला, हरिओमराव."

गाडीचा हॉर्न वाजला. त्यानं बॅग खाली ठेवली.

"मले तुमच्यासंग लग्न कराचं आहे. तुमी पुण्याले या, नाही तर मी इकडं येतो. पण हो म्हणा."

"हाव," ती म्हणाली. मग हळूच, "आता नुसतं हरिओम म्हणू?"

बाहेर गाडी निघून गेली.

मी शेंगांचं सूप त्याच्यापुढे सरकवलं. "फोड, बापू. पुढच्या गाडीले वेळ आहे."