कोलंबसाच्या गलबतावर डल्ला

"शीड वर ओढ रे, अजून वर! असल्या लोंबत्या शिडानं कोलंबस पलीकडच्या एमआरटी स्टेशनापर्यंतसुद्धा पोचायचा नाही!"

मधुवंती खुर्चीवर उभी राहून हुकूम सोडत होती आणि तिचा दहा वर्षांचा भाऊ क्षितिज जुन्या पलंगपोसाच्या दोऱ्या ओढून घामाघूम झाला होता. जूनची सुट्टी लागली होती. सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या त्यांच्या ब्लॉकच्या तळमजल्यावर रहिवाशांची एक खोली आहे. तिथे त्या शनिवारी चार वाजता मुलांचं प्रदर्शन भरायचं होतं आणि विषय होता जुन्या सागरसफरी. वरुणच्या गटानं वास्को द गामा आधीच पटकावला होता, म्हणून आपल्या मंडळींच्या वाट्याला कोलंबस आला.

"बरंच झालं," मधुवंती म्हणाली. "वरुणच्या गलबतात नुसती मिरी न् वेलदोडे! आपला कोलंबस मिरीसाठी हिंदुस्थान शोधायला निघाला, चुकून अमेरिकेला लागला, आणि मग त्या वाटेनं बघ काय काय आलं!"

खोक्यांच्या गलबतात सगळा माल मांडलेला होता. बटाटे, रताळी, शेंगदाणे, हिरव्या मिरच्या, काजू, टोमॅटो, मक्याची कणसं, सिमला मिरची, राजमा. युरोपीय जहाजांनी हे सगळं अमेरिकेतून उचलून जगभर नेलं होतं. भिंतीवर तक्ता होता. त्यात वेई जेनं हट्टानं लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'पण तिथल्या माणसांना मिळाली रोगराई आणि गुलामगिरी.'

वेई जे हा त्यांच्याच मजल्यावर राहणारा मधुवंतीचा वर्गमित्र. तिघांचं आपसातलं बोलणं इंग्रजीतच चाले. तेवढ्यात तो दारातून हाश्शहुश्श करत आत आला. हातात कापडी पिशवी आणि मागे त्याची पणजी, आह मा. नव्वदीच्या घरातली, पण चाल अशी की नातवंडांना धाप लागावी!

पिशवीत टॅपिओकाचा, म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात त्या अमेरिकेतून आलेल्या झाडाचा, एक जाडजूड कंद होता, बरणीभर साबुदाणा होता आणि त्याच झाडाच्या हातभर लांबीच्या तीन गाठाळ काड्या होत्या.

"लढाईच्या वर्षांत तांदूळ नव्हता," आह मा आपल्या तुटक इंग्रजीत म्हणाली. "माझ्या आईनं हे झाड लावलं. आम्ही त्याच्यावर जगलो. घरं बदलली, पण प्रत्येक ठिकाणी याच झाडाची काडी खोचली. आता सार्वजनिक बागेतला माझा वाफा काढून घेतलाय. झाड तोडलं. उरल्या या तीन काड्या. संध्याकाळी नव्या वाफ्यात लावायच्या."

"म्हणजे याही हरवल्या तर..." क्षितिजनं विचारलं.

"तर संपलं, लाह," वेई जे अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणाला.

"आह मा, संध्याकाळी मी स्वतः तुमच्या हातात आणून देईन. शब्द देते!" मधुवंती म्हणाली. म्हातारीनं मान डोलावली. मधुवंतीनं पिशवी गलबताच्या तळाशी जपून ठेवली.

नावांच्या चिठ्ठ्या तेवढ्या छापायच्या राहिल्या होत्या. तिघं त्यासाठी घरी गेले आणि जेवूनखाऊन दोन-तीन तासांनी खाली उतरले. कुलूप काढून दार उघडताच क्षितिज ओरडला, "ताई! चोरी!"

गलबत लुटलं गेलं होतं! बटाटे गायब, शेंगदाणे गायब, आणि आह माची पिशवीही गायब! काड्या! मधुवंती खोक्यांत, टेबलाखाली, पडद्यामागे शोधत सुटली. कुठेच नाही.

"वरुण!" क्षितिजनं मुठी आवळल्या. "आपलं गलबत सरस ठरेल म्हणून आपला माल पळवला!"

"वरुण सकाळपासून पोहायच्या क्लासला गेलाय," वेई जे म्हणाला. "साळुंक्या असतील."

"साळुंक्या काय पिशवी खांद्याला लावून गेल्या?"

"गप्प बसा दोघं!" मधुवंती खेकसली. तिचे डोळे भरून आले होते, पण रडून भागणार नव्हतं. तिनं नाक पुसलं आणि गलबताकडे पुन्हा नीट पाहिलं. "थांबा. चोरानं सगळं नेलेलं नाही. काय उरलंय ते बघा."

"टोमॅटो, मका, सिमला मिरची, राजमा," क्षितिजनं मोजलं.

"आणि गेलंय काय? बटाटे, रताळी, शेंगदाणे, हिरव्या मिरच्या, काजू, साबुदाणा. वेडा आहे का चोर? एवढे लालबुंद टोमॅटो सोडून..." बोलता बोलता मधुवंती थबकली. सकाळी आईनं कोशिंबिरीतला टोमॅटो बाजूला ठेवायला सांगितला होता. का बरं? "क्षितिज! आज संकष्टी!"

"मग?"

"अरे, जे उपासाला चालतं तेवढंच गेलंय! जे चालत नाही ते सगळं इथंच आहे! चोराचा उपास आहे!"

"चोर... उपास करतो?" वेई जेचे डोळे वाटोळे झाले. "अलामाक! फारच धार्मिक चोर आहे हा!"

आपल्या ब्लॉकमध्ये मराठी घरं मोजकीच. त्यांत या खोलीची दुसरी किल्ली होती फक्त चारुदत्तकाकांकडे, कारण प्रदर्शनाचे आयोजक तेच. काका मोठ्या बँकेत हिशेब तपासणारे. आकड्यात त्यांची चूक कधी होत नसे, आणि बाकी सगळ्यात हटकून होई. एकदा त्यांनी शेजाऱ्याची सायकल स्वतःची समजून धुऊन पुसून ठेवली होती!

लिफ्ट येईना म्हणून तिघं जिन्यानं धावले. काकांच्या मजल्यावर पाऊल टाकताच तुपातल्या जिऱ्याच्या फोडणीचा वास आला. क्षितिज पोलिसी कुत्र्यासारखा हुंगत थेट त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"या या, संशोधक!" काका हातात झारा घेऊन बाहेर आले. "खिचडी खाणार? रताळ्याचा कीस आहे, बटाट्याची भाजी आहे, शेंगदाण्याची आमटी..."

"उपास आणि दुप्पट खास!" क्षितिज पुटपुटला.

"काका, हे सामान आणलंत कुठून?" मधुवंतीनं विचारलं.

"खालून. तुझ्या काकूनं मेसेज केला होता ना, उपासाचं सामान खोलीत ठेवलंय म्हणून. छान खोक्यांत मांडलं होतं गं! त्यात टोमॅटो नि राजमा का ठेवलेत ते मात्र कळेना. ते मी काढून ठेवले हं बाजूला."

"काका! ते आमचं कोलंबसाचं गलबत होतं!"

झारा हातातच राहिला. काकांनी एकदा कढईकडे पाहिलं, एकदा मुलांकडे. आतून सुलेखाकाकू कपाळाला हात लावत आल्या. "अहो, माझी पिशवी दारामागच्या खुंटीला होती हो!"

"बटाटे जाऊ द्या," मधुवंती म्हणाली. "पिशवीतल्या काड्या कुठे आहेत? त्या आह माच्या आहेत. तिच्याकडे तेवढ्याच उरल्यात."

"काड्या?" काका डोकं खाजवू लागले. "कंद तर मी कोनफळ समजून उकडायला टाकलाय. काड्या... काटक्या होत्या खऱ्या. बहुतेक कचऱ्यात टाकल्या गं. त्या कचऱ्याच्या झडपेतून."

ती झडप म्हणजे सरळ अकरा मजले खाली कचऱ्याच्या हौदात जाणारी नळी. मधुवंती मटकन दारातच बसली. आह मानं तिच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. आता तिच्यापुढे कोणत्या तोंडानं जायचं?

क्षितिज मात्र स्वयंपाकघरात जाऊन झडप उघडून बघत होता. त्यानं झारा घेऊन आत आडवा धरला, मग उभा धरला. "काका, तुम्ही काड्या मोडल्या होत्या?"

"छे! मोडायला कशाला जातोय मी?"

"मग टाकल्याच नाहीत! झारासुद्धा आत वळत नाही. हातभर काडी कशी जाईल?"

"शाबास रे!" मधुवंती उडी मारून उठली. "काका, आठवा. पिशवी रिकामी केलीत तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथंच दारात. हिनं सांगितलं होतं, तुळस कलली आहे, तिला काहीतरी आधार द्या..."

पाचही जण बाहेर धावले. व्हरांड्यात कुंड्यांची रांग होती, आणि तुळशीच्या भोवती काकांनी मोठ्या प्रेमानं तीन काड्या खोचून दोऱ्यानं बांधून ठेवल्या होत्या! मधुवंतीनं एक काडी नखानं हळूच खरवडली. आत हिरवीगार साल होती. ती रडता रडता हसायला लागली.

प्रदर्शन वेळेवर भरलं. सुलेखाकाकूंची खुंटीवरची पिशवी मुलांनी गलबतात ओतली, आणि काय आश्चर्य! उकडलेला कंद सोडला, तर एकही वस्तू कमी पडली नाही. पलीकडच्या टेबलावर काकांना शिक्षा म्हणून खिचडी वाढायला उभं केलं होतं.

"म्हणजे कोलंबस निघाला नसता, तर आमच्या उपासाला हे काहीच नसतं?" काका सगळ्यांना विचारत होते. "मग आपले पूर्वज खात काय होते?"

"वरी, शिंगाडे, केळी," काकू म्हणाल्या. "आणि बहुधा खरंच उपास करत होते!"

मंडळी खो खो हसली. वरुणसुद्धा दोनदा खिचडी घेऊन गेला. "घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं असं किती लांबून आलेलं असतं, हे आज कळलं," काका म्हणाले. मग सगळ्यांसमोर त्यांनी तिघांच्या डोक्याची तारीफ केली आणि स्वतःचे कान पकडले.

संध्याकाळी मधुवंती आह माला घेऊन काकांच्या व्हरांड्यात आली. कुंडीसमोर उभं राहून तिनं सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. काका मागे चोरासारखे उभे होते.

आह मा वाकली. तिनं काड्या निरखून पाहिल्या आणि एकदम हसत सुटली. "ही उलटी खोचलीय! कोंबांचे डोळे जमिनीकडे!"

तिनं दोन काड्या अलगद उपटून कागदात गुंडाळल्या. तिसरी उपटली, सुलटी केली आणि पुन्हा कुंडीच्या कडेला खोचली.

"आह मा, ही पण घ्या ना. मी शब्द दिला होता," मधुवंती म्हणाली.

"तू शब्द पाळलास. हिला रिकामी कुंडी मिळाली की तिच्यात लाव, तुळशीला त्रास नको." म्हातारीनं मातीचे हात झटकले. "माझा वाफा पुन्हा काढून घेतला, तर काडी मागायला कुणाकडे जाऊ? आजवर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. आता तुझ्याकडे येईन."

मधुवंतीनं मान डोलावली आणि काकूंच्या रिकाम्या कुंड्यांतली सगळ्यात मोठी उचलून आणली.